उघाडीवर पहारा

घाटकोपरच्या आमच्या चाळीत नळाच्या रांगेत बादली ठेवून कुणी दोन मिनिटं वर गेलं, की खाली येईपर्यंत ती दोन नंबर मागे सरकलेली असायची. कुणी सरकवली म्हणून विचारावं, तर सगळ्या बायका आभाळाकडे बघणार. माझी आई मालवणकडची. ती मला बजावायची, "बादलेवर बसान ऱ्हव, पण हलू नको गो." मग मी बादली उपडी घालून तिच्यावर बसायचे आणि पुढच्या-मागच्या सगळ्यांवर नजर ठेवायचे. माणसावर विश्वास ठेवायचा तो आपली बादली भरल्यावर, एवढं मी तिथे शिकले. माझे मिस्टर म्हणतात, चाळीला उगाच नावं ठेवू नकोस, तू जन्मालाच संशयी आलीस.

तर अशी मी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन बोरिवलीला आले, आणि आले ती थेट शेतकऱ्याच्या घरात. सासरे वारलेले. मिस्टर फोर्टात एका ऑफिसात, मी अंधेरीला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगवर. शेती करायच्या त्या सासूबाई. स्टेशनच्या पश्चिमेला खाडीकडे चालत गेलं की तेव्हा बिल्डिंगा संपायच्या आणि भाताची खाचरं लागायची. त्यातली काही आमची आणि त्याला लागून मिस्टरांच्या चुलतभावाची. लग्न ठरताना मला हे सांगितलं तेव्हा वाटलं, चेष्टा करतायत. बोरिवलीत कोण भात लावतं?

जमीन साधी नव्हती, खाराची होती. एका अंगाला खाडी, तिवरं आणि चिखल, मध्ये छातीएवढा मातीचा बांध, आणि बांधाच्या आत आमचं भात. मृगाचा पाऊस पडला की पहिलं पाणी शेतात कोंडायचं, मातीतला खार त्यात उतरू द्यायचा आणि ओहोटी लागली की बांधातलं लाकडी दार उघडून ते सगळं खाडीत सोडून द्यायचं. या दाराला उघाडी म्हणतात; आमच्या आणि चुलतभावाच्या शेतांना मिळून ती एकच. भरती यायच्या आत तिच्या फळ्या पुन्हा खाली. असं चार-पाच वेळा चालायचं. दर वेळी सासूबाई ओंजळीतलं पाणी जिभेला लावून थुंकायच्या आणि म्हणायच्या, "अजून नाही." मग एक दिवस म्हणायच्या, "झालं." त्या दिवशी लावणीला हात लागायचा.

पण तेवढ्याने भागत नाही. गोड पाणी वर उभं आहे तोवरच खार खाली दबून राहतो. आठ-दहा दिवस लख्ख ऊन पडलं, की तो मातीतून वर येतो आणि पातीचे शेंडे करपायला लागतात. म्हणून बाकीची मुंबई चार दिवस ऊन पडल्यावर कपडे वाळले म्हणून खूश व्हायची, तेव्हा आमच्या घरात कुणी धड बोलायचं नाही. मीही हळूहळू तशीच झाले. कारखान्यात मैत्रिणी म्हणायच्या, "काय मस्त ऊन पडलंय ना!" आणि मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटायचं.

दुसरी भीती खाडीची. अमावास्येला आणि पौर्णिमेला भर दुपारी बाराच्या सुमारास मोठी भरती येते. पावसाळ्यातली तर बांधाच्या गळ्यापर्यंत. तेव्हा बांधात खेकड्याचं एखादं बीळ जरी आरपार गेलेलं असेल, तरी पाणी त्यातून वाट काढतं आणि बघता बघता बिळाचं भगदाड होतं. म्हणून उधाणाच्या आदल्या दिवशी बांध चालायचा. चालायचा म्हणजे अनवाणी, टाच रोवत, पावलाला पाऊल लावून. खाली पोकळ असेल तिथे माती भसकन दबते. तिथेच थांबायचं, पेंढा आणि चिखल कोंबायचा आणि टाचेने ठोकून घट्ट करायचं.

आणि यात एक रीत होती. आपला बांध आपण चालायचा नाही. आमचा बांध माझ्या चुलत जाऊबाई चालणार आणि त्यांचा बांध सासूबाई. मी विचारलं, हे असं उलटं का? सासूबाई म्हणाल्या, "आपल्या पायाला आपलं भोक लागत नाही गं. घाई असते, कंटाळा असतो, असू दे, पुढच्या खेपेला बघू, असं होतं. दुसऱ्याचा म्हटला की पाय चोख पडतो. उद्या बोल लागायला नको ना."

मला हे भयंकर वाटलं. म्हणजे आमच्या वर्षभराच्या भाताची किल्ली शेजारणीच्या पायात! माझ्या चाळीत असं कुणी कबूल केलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण मी नवी होते, गप्प बसले.

जाऊबाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. अंगाने दणकट, आवाज असा की उघाडीवरून मारलेली हाक रस्त्यापर्यंत यायची. त्यांच्या घरात नोकरी कुणालाच नव्हती. दुधाच्या दोन म्हशी आणि हे शेत, यावरच सगळं. मला लावणी त्यांनी शिकवली. माझी रोपं तरंगून वर यायची तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून हसायच्या. "अगं, नेलपॉलिश जपतेस की भात लावतेस?" त्यांच्यासमोर मी एकदा बोलून गेले होते की, मला बाई ब्लॉक हवा, संडास घरात असलेला. त्यावरही त्या हसल्या होत्या. तेव्हा त्या मला आवडायच्या, हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल.

लग्नानंतर तिसऱ्या की चौथ्या वर्षी मिस्टरांनी विषय काढला. पलीकडच्या खाचरांमध्ये भराव पडत होता, डंपर येत होते. सासूबाईंचे गुडघे सुजायला लागले होते. एका रात्री जेवताना हे म्हणाले, "आई, या वर्षी भात घरात आलं तर मी पुन्हा विकायचं नाव काढणार नाही. नाही आलं, तर तू सही करायची." सासूबाईंनी घास संपवला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ठीक." मला यांचा असा राग आला! पावसावर कसल्या पैजा लावता? पण सासूबाईंनीच मान्य केलं म्हटल्यावर मी कोण बोलणारी?

मी मात्र मनातून सासूबाईंच्या बाजूची होते. ब्लॉक हवा होता मला, खोटं कशाला बोलू. पण त्या बाईला मी शेतात पाहिलं होतं. घरात त्या कोपरा धरून बसायच्या, मुलाला विचारल्याशिवाय रेडिओसुद्धा लावायच्या नाहीत. आणि गुडघाभर चिखलात उभ्या राहिल्या की चार बायकांना कामाला लावायच्या, पुतण्याला झापायच्या, आभाळाकडे बघून त्यालाही दोन शब्द सुनवायच्या. शेत गेलं तर घरातल्या कोपऱ्यातली तेवढीच बाई उरणार, हे मला दिसत होतं.

लावणी झाली त्या आठवड्यातली गोष्ट. शनिवार होता, मी दुपारी घरी येत होते. जाऊबाईंच्या ओट्यावर एक माणूस बसलेला, चपला काढून, ऐसपैस. खाली स्कूटर. मांडीवर फाइल आणि हातात चहाची बशी.

"ये गं, चहा घे," जाऊबाई म्हणाल्या.

"कोण हे?"

"असेच. जमिनींचं बघतात."

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. असेच? फाइल घेऊन कुणी असंच येतं का? मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दारात आलेल्याला चहा द्यायचा नाही का?" त्यांच्या डोक्यात संशय शिरायचाच नाही, त्याला काय करणार?

मग मीच हिशेब मांडला. त्या माणसाला तुकडे नको असणार, सलग जमीन हवी असणार. जाऊबाईंचं घर विकायला तयार झालेलं दिसतं. अडून बसलेल्या आमच्या सासूबाई. या वर्षी आमचं भात बुडालं की त्यांची सही आपोआप होणार. आणि बुडवायला लागतं किती? भरतीच्या वेळी उघाडीची एक फळी वर उचलली की झालं. त्यांचंही बुडेल, पण ज्याला विकायचंच आहे त्याला भाताचं काय डोंबल? झोपताना मी हे यांना सांगितलं. हे कूस बदलून झोपले. मला वाटलं, चुलतभावाबद्दल ऐकवत नसेल.

श्रावणातल्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जाऊबाई आमचा बांध चालल्या. तीन बिळं सापडली, तिन्ही त्यांनी बुजवली. येऊन सासूबाईंना हातवारे करून सांगितलं, इथे एक, तिथे दोन. दुसरी कुणी असती तर आभार मानले असते. मी मनात म्हटलं, आमच्या बांधात भोकं कुठे आहेत ते हिला बरोब्बर ठाऊक आहे.

आणि मग पावसाने तोंड फिरवलं. पौर्णिमा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून ऊन. आठ दिवस, दहा दिवस, बारा दिवस. खाचरातलं पाणी आटून घोट्याखाली आलं, मग चिखल दिसायला लागला. कडेकडेने पांढरी खपली धरली. मी बोट लावून चाखलं, मीठच. भात पोटरीला येत होतं, म्हणजे कणीस अजून पोटातच होतं, आणि शेंडे पिवळे पडायला लागले होते. बांध इतका सुकला की त्याला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. बांध सुकला की खेकडे ओल शोधत आत आत पोखरत जातात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्यातच सासूबाईंना ताप भरला. गुडघा असा सुजला की मोरीपर्यंत जायला त्यांना माझा खांदा लागायचा. पडल्यापडल्या त्या दिवस मोजत होत्या. "परवा अमावास्या. उद्या बांध चालायला हवा. तिला सांग, आपल्याबरोबर तिचाही तिनेच चालावा, मला नाही जमणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले सांगायला. जाऊबाई म्हशीला पाणी दाखवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "येतेच गं, पेंढा घेते." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचा बांध आम्ही बघू. तुम्ही तुमचा बघा."

त्या बघतच राहिल्या. "काकू म्हणाल्या असं?"

"मी म्हणतेय."

"अगं, रीत आहे ती. सासऱ्यांच्या आधीपासूनची."

"असू दे. ज्याचं त्याने बघावं, हेच बरं."

त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. आधी कळलं नाही, मग कळलं. हातातली बादली त्यांनी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बरं." एवढंच. मला वाटलं होतं त्या भांडतील. भांडल्या नाहीत, म्हणून माझा संशय आणखी वाढला.

मी आमचा बांध चालले. चालले, हे शपथेवर सांगते. पण भेगा पडलेली कडक माती, तिच्यावरचे वाळके काटे आणि सापाची भीती, म्हणून मी कारखान्यातून आणलेले रबरी बूट घातले होते. गुडघ्यापर्यंतचे. आणि चालताना माझं लक्ष पायाखाली कमी आणि त्यांच्या बाजूला जास्त होतं. तिकडे कोण काय करतंय, हातात फावडं का आहे, उघाडीपाशी कोण थांबलंय. टोकापर्यंत गेले, परत आले. काही लागलं नाही.

घरी सासूबाईंनी विचारलं, "चालून झाला बांध?"

"झाला."

"ती चालली ना?"

"त्यांना वेळ नव्हता. मी चालले."

मी त्यांच्या कपाळावरची पट्टी बदलली.

अमावास्येच्या आदल्या दिवसापासून मी कारखान्यातून तीन दिवसांची रजा काढली होती. दुपारी साडेअकराला छत्री घेऊन उघाडीवर जाऊन बसायचं, भरती उतरेपर्यंत हलायचं नाही. पहिल्या दिवशी मी जाऊन बसले आणि पाच मिनिटांत समोरून जाऊबाईंचे यजमान आले. तेही छत्री घेऊन. उघाडीच्या त्या बाजूला बसले. माझ्याकडे बघितलं, फळ्यांकडे बघितलं, आणि बिडी पेटवली. म्हणजे आता हे आमच्यावर पहारा ठेवणार! मला हसूही आलं आणि चीडही आली. दोन तास आम्ही समोरासमोर, दोन छत्र्यांखाली, चुलत दीर-भावजय, एक शब्द न बोलता बसलो. मध्ये खाडीचं पाणी फळ्यांना धडका देत होतं. त्या दिवशी काही झालं नाही.

दुसरा दिवस अमावास्येचा. सकाळपासून वारा होता, पश्चिमेचा, जोराचा. आभाळात ढग पळत होते, पण पडेनात. भरती अशी चढली की तिवरांचे नुसते शेंडे दिसत होते. मी पाठीला पोक काढून फळ्यांवर डोळे लावून बसले होते. समोर दीर. त्यांची नजर माझ्या हातांवर. फळ्या जागच्या जागी होत्या. मला आतून बरं वाटत होतं. म्हटलं, बघ, मी आहे म्हणून हिंमत झाली नाही.

पाय आखडले म्हणून मी उभी राहिले आणि मागे वळून बघितलं. आमच्या बाजूला बांध वळतो, त्या वळणापाशी, शेताच्या आतल्या अंगाला बगळे जमले होते. पंधरा-वीस पांढरे बगळे, उतरतायत, उडतायत, पुन्हा उतरतायत. मला आठवतं, मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला ते छान वाटले. छान! शेतात जन्मलेलं पोर असतं तर बोंब मारत धावलं असतं. कोरड्या शेतात बगळे एका जागी कशाला जमतील? पाण्याबरोबर मासळी आत येत होती म्हणून. मी पुन्हा खाली बसले आणि फळ्यांकडे बघायला लागले.

ओरडल्या त्या जाऊबाई. त्या घराकडून येत होत्या आणि त्यांना लांबूनच दिसलं. "बांध गेला! अगं, बांध गेला!" आम्ही दोघं छत्र्या टाकून धावलो. वळणापाशी पोहोचलो तेव्हा भोक उरलं नव्हतं, दरवाजाएवढी वाट झाली होती, आणि खाडी तिच्यातून शेतात घुसत होती. दीर सरळ आत उतरले. जाऊबाईंनी पेंढ्याचे भारे आणले, आम्ही माती लोटली, माझ्या बुटात पाणी भरलं ते मी काढून फेकले. काही उपयोग नव्हता. भरतीला अजून तासभर चढायचं होतं. आमचं खाचर भरलं आणि मधल्या बांधावरून पाणी त्यांच्या खाचरात पडायला लागलं.

ओहोटी लागल्यावर सगळं स्पष्ट दिसलं. ढासळलेल्या मातीत बीळ अर्धं उघडं पडलं होतं. वाकडंतिकडं, हातभर आत गेलेलं. खेकड्याचंच. मी इतकी संशयी बाई, मी दोनदा हात घालून बघितलं, पहार मारलेली आहे का, फावड्याची कड दिसते का. नव्हती. ते भोक होतं आमच्या हिश्शात. मी बूट घालून जिथून गेले होते, तिथे.

"तुला लागलं नाही?" जाऊबाईंनी विचारलं. त्या चिखलाने माखलेल्या होत्या, आणि त्यांचा तो मोठा आवाज अगदी बारीक झाला होता. "एवढं मोठं? पायाला लागलं नाही?"

"नाही."

"मला चालू दिलं नाहीस."

मी म्हटलं, "तुमच्या ओट्यावर तो माणूस फाइल घेऊन बसतो, मग मी काय समजायचं?"

तेव्हा त्या ओरडल्या. "आमच्या ओट्यावर? तुमच्या दाराला कुलूप होतं म्हणून बसला तो! तुझ्या नवऱ्याने बोलावलं होतं त्याला. मी तुझ्या सासूसमोर बोलले नाही, घरात तंटा नको म्हणून. आणि तू आमच्यावर पहारा ठेवतेस? ब्लॉक हवा होता तुला, घे आता ब्लॉक!"

मी वळून बघितलं. सासूबाई काठी टेकत बांधावर येऊन उभ्या होत्या. तापातून उठून, एवढं अंतर चालत. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्याजवळ गेले, त्यांचा हात धरला. त्या आपलं शेत बघत होत्या. पाण्यावर भाताचे शेंडे तेवढे वर होते आणि वाऱ्याने हलत होते.

संध्याकाळी मिस्टरांना विचारलं. "मी फक्त विचारून ठेवलं होतं," हे म्हणाले. फक्त! मी ताट आपटलं. त्या दिवशी आमच्या घरात जे झालं ते लिहीत नाही. लिहिण्यासारखं नाही.

चार दिवसांनी पाऊस आला. धो धो, दोन दिवस. सगळं शेत धुऊन निघालं असतं, पण पोटरीतलं भात तोवर जळून गेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, खार चढलेली जमीन दोन-तीन वर्षं ऐकत नाही. जाऊबाईंचं काय झालं? त्यांनी एक म्हैस विकली. आमच्याकडे दोन पगार होते, आम्ही दुकानातून तांदूळ आणायला लागलो. मला तो घशाखाली उतरेना. गणपती झाले आणि मिस्टर कागद घेऊन आले. सासूबाईंनी कोपऱ्यात बसून, चष्मा लावून, सावकाश सही केली. जाऊबाईंच्या घरानेही महिन्याभरात केली. नाइलाज होता.

सही झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी मला जवळ बसवलं. मी भाजी निवडत होते.

"एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा ना, आई."

"भोक तुला लागलं होतं ना पायाला?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. "नाही हो आई. बूट होते माझ्या पायात. खरंच नाही लागलं."

"बुटातूनही लागतं गं. मी पन्नास वर्षं बांध चालले. एवढं भोक लागत नाही, असं होत नाही." त्या अगदी मऊ आवाजात बोलत होत्या. "तिला तू चालू दिलं नाहीस. मला खोटं सांगितलंस, तिला वेळ नव्हता म्हणून. याने त्या माणसाला बोलावलं होतं. मी वेडी नाही. तू मुद्दाम सोडलंस असं म्हण, मला कळेल. तरुण आहेस, तुला घर हवं होतं, त्यात काय? मी काही बोलणार नाही. पण लागलं नाही असं नको म्हणूस. ते मला कळत नाही."

मी रडले. पुन्हा सांगितलं, देवाची शपथ घेतली. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी पुन्हा तेच म्हणाल्या, "खरं सांग." मग माझं डोकं फिरलं. जसं माझ्या सगळ्या आयुष्यात फिरत आलंय तसंच. मी भाजीची परात ढकलली आणि ओरडले, "हो! लागलं होतं! मुद्दाम सोडलं मी! झालं समाधान?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं केलंस सांगितलंस ते," त्या म्हणाल्या, आणि सांडलेली भाजी गोळा करायला लागल्या.

तासाभरात माझा राग उतरला. मी जाऊन म्हटलं, "आई, मी रागात बोलले. तसं काही नाही. मला खरंच माहीत नव्हतं." त्या म्हणाल्या, "असू दे गं. झालं ते झालं." दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. तेच उत्तर. आठवड्याने यांना सांगायला लावलं. यांनाही त्या म्हणाल्या, "तिला आता त्रास देऊ नकोस. तिने कबूल केलंय." मी जितकं नाही म्हणायचे तितक्या त्या माझ्याशी जास्त मायेने वागायच्या. पुढे ब्लॉक मिळाला, मुलं झाली, बाळंतपणं त्यांनी काढली, माझ्या आजारपणात रात्रंदिवस पायाशी बसल्या. एका शब्दाने कधी टोचलं नाही. अकरा वर्षं, शेवटपर्यंत, त्यांनी मला माफ केलेलं होतं.

आणि जाऊबाईंनाही त्यांनीच सांगितलं. मला न विचारता, चांगल्या मनाने. दोन महिने त्या घराने आमच्याकडे बघितलं नव्हतं. दिवाळीत पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून फराळाचं ताट आलं, वर विणलेला रुमाल झाकलेला. सासूबाईंनी रुमाल काढला आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. "घे. तुझ्यासाठी पाठवलंय. तिला म्हटलं, पोर चुकली, पण खरं बोलली."

त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान होतं. मी ताटातली करंजी उचलली आणि खाल्ली.